आलेख यंत्राचा की जोडणीचा? श्रवणयंत्रांच्या तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

श्रवणयंत्र घेताना आणि दुरुस्तीनंतर परत घेताना त्याचा टेस्ट बॉक्समधला (यंत्र आत ठेवून त्याचा आवाज मोजणाऱ्या पेटीतला) छापील आलेख मागून घ्यावा, असे या सदरात गेल्या अंकात सुचवले होते. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे: आलेख मिळतो, पण तो प्रत्येक ठिकाणी, कधी कधी तर एकाच ठिकाणी प्रत्येक वेळी, निराळा येतो. पत्र लिहिणाऱ्यांत केंद्रांत काम करणारे तंत्रज्ञ आहेत, शिक्षक आहेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी धावपळ करणारी मुलेही आहेत. माझे मत आधीच नोंदवते. टेस्ट बॉक्स बहुतेक वेळा खरे सांगतो. फरक पडतो तो यंत्र त्यात कसे जोडले आणि कुठे ठेवले याने. यंत्राचा प्रकार बदलला की जोडणीची पद्धतही बदलावी लागते आणि घाई होते ती नेमकी याच ठिकाणी.

प्रश्न : वडिलांचे कानामागचे यंत्र आम्ही आधी जालन्यात आणि नंतर छत्रपती संभाजीनगरला तपासून घेतले. एकीकडे सर्वाधिक आवाज १२४ डेसिबल आला, दुसरीकडे ११८. एक जण यंत्र चांगले आहे म्हणतो, दुसरा दुरुस्तीला पाठवा म्हणतो. कोणाचे खरे मानावे? (एक वाचक, जालना)

उत्तर : दोघांपैकी कोणाचेही चुकलेले नसेल, अशी शक्यता आहे. आपण लिहिलेले आकडे ज्या चाचणीचे आहेत, तिच्यात यंत्राचा आवाज पूर्ण वाढवून त्याच्या मायक्रोफोनपाशी ९० डेसिबलचा सूर दिला जातो आणि यंत्रातून बाहेर पडणारा आवाज कपलर नावाच्या धातूच्या लहानशा पोकळीत मोजला जातो. ही पोकळी २ घन सेंटिमीटरची असते. ती माणसाच्या कानाची हुबेहूब नक्कल नाही, कारण मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) बसवल्यावर कानात उरणारी जागा तिच्यापेक्षा लहान असते; मात्र ती सगळीकडे सारख्याच मापाची असल्यामुळे दोन यंत्रांची, किंवा एकाच यंत्राच्या पूर्वीच्या आणि आजच्या स्थितीची, तुलना करता येते. अर्थात तुलना करायची तर पोकळीपर्यंतची वाटही सारखीच हवी.

कानामागच्या यंत्रासाठी ती वाट ठरलेली आहे. यंत्राच्या हुकाला (कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकाला) २५ मिलिमीटर लांबीची आणि सुमारे २ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी लावतात आणि नळीचे दुसरे टोक एचए-२ प्रकारच्या कपलरला जोडतात. या कपलरमध्ये पोकळीच्या आधी १८ मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद असे भोक असते, जे मोल्डची जागा घेते. नळी लांबली किंवा आखडली तर आलेखावरचे शिखर सरकते आणि त्याची उंचीही बदलते. हुकात बारीक जाळीचा डॅम्पर असेल तर शिखर खाली बसते. हुक बदलताना तो निघून गेला तर तेच यंत्र एकाएकी जोरकस झाल्यासारखे दिसते. वर्षानुवर्षे वापरून पिवळी आणि कडक पडलेली नळी हुकावर घट्ट बसत नाही, आणि तिथून आवाज गळतो. काही केंद्रांत याऐवजी वडिलांचा स्वतःचा मोल्डच मऊ, मळता येणाऱ्या पुट्टीने एचए-१ प्रकारच्या कपलरवर बसवतात. तेही चुकीचे नाही. यंत्र, नळी आणि मोल्ड हे सगळे मिळून काय देते ते त्यातून कळते. फक्त तो आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यामुळे पुष्कळ यंत्रे विनाकारण दुरुस्तीला जातात. आपण पाठवलेला आकडा शिखराचा आहे. प्रचलित अमेरिकन मानकानुसार शिखर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या ३ डेसिबलहून अधिक वर जाऊ नये एवढीच अट आहे. ते खाली आले म्हणून यंत्र नापास होत नाही. खाली आणि वर दोन्हीकडे ४ डेसिबलची मर्यादा आहे ती १०००, १६०० आणि २५०० हर्ट्झ या तीन ठिकाणच्या सरासरीला. दोन्ही केंद्रांकडून ही सरासरी मागवावी आणि चार गोष्टी विचाराव्यात: कोणता कपलर होता, नळी कोणती होती, सेल नवा होता का आणि आवाज पूर्ण वाढवला होता का. चारही उत्तरे जुळली आणि तरीही सरासरीत ६ डेसिबलची तफावत राहिली, तर यंत्र जरूर दुरुस्तीला पाठवावे.

प्रश्न : मी श्रवणयंत्र केंद्रात काम करते. कानामागच्या यंत्रांचे आलेख माझ्याकडे जुळतात, परंतु कानाच्या आत बसणाऱ्या यंत्रांचे, विशेषतः सीआयसीचे (कानाच्या नळीत पूर्ण आत जाणाऱ्या लहान यंत्रांचे), आलेख तीन वेळा काढले तर तीन तऱ्हांचे येतात. कधी मंद्र सूर गायब होतात, कधी वरच्या बाजूला खाचा पडतात. हात बसावा म्हणून नेमके काय करावे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आपण तीन वेळा आलेख काढून पाहता, यातच अर्धे काम झाले आहे. आता आलेख वाचण्याची एक सवय लावून घ्यावी. डावीकडचा भाग, म्हणजे साधारण २०० ते ५०० हर्ट्झ, कोसळलेला असेल तर गळती शोधावी. उजवीकडचा भाग हलत असेल तर यंत्राची जागा तपासावी. याचे कारण ध्वनिलहरींच्या लांबीत आहे. २५० हर्ट्झची लहर सुमारे १.४ मीटर लांब असते, म्हणून यंत्र दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाल्याने तिला फरक पडत नाही. ४००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची असते. तिच्यासाठी दोन सेंटिमीटर हे मोठे अंतर झाले. उलट मंद्र सुरांना पोकळीत दाब धरून ठेवावा लागतो, त्यामुळे केसाएवढ्या फटीतूनही ते आधी निसटतात.

गळती बंद करण्याचे काम पुट्टीचे. कानाच्या आत बसणाऱ्या सर्व यंत्रांसाठी एचए-१ कपलर वापरावा. त्यात नळी नसते आणि यंत्राचे टोक थेट पोकळीच्या तोंडाशी येते. पुट्टी तळहातावर मळून तिची शेवयांपेक्षा जाड आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशी वात करावी, ती यंत्राच्या कानात जाणाऱ्या टोकाभोवती, टोकापासून थोडी मागे, एका वेढ्यात गुंडाळावी आणि वातीची दोन्ही टोके एकमेकांत दाबून सांधा नाहीसा करावा. मग यंत्र कपलरवर टेकवून बोटांच्या पेरांनी पुट्टी सगळीकडून बाहेरच्या कडेला बसवावी. यंत्राचे टोक पोकळीच्या आतल्या पृष्ठभागाशी सपाटीला यायला हवे. ते आत घुसले तर पोकळीची जागा कमी होऊन आवाज वाढलेला दिसतो, मागे राहिले तर जागा वाढून आवाज कमी होतो. मापक मायक्रोफोन बसवण्याआधी कपलर उजेडाकडे धरून पलीकडच्या बाजूने आत पाहावे. आवाज बाहेर पडण्याचे भोक पूर्ण उघडे दिसले पाहिजे. त्याच्या कडेला पुट्टीचा तंतू जरी लोंबत असला तरी यंत्र काढून सगळी जोडणी पहिल्यापासून करावी. ही पाहणी कृपया कधीही टाळू नये. पुट्टीने किंवा मळाने अर्धवट बुजलेले भोक आणि खराब झालेला रिसीव्हर (यंत्रातला आवाज देणारा छोटा स्पीकर) यांचे आलेख पुष्कळदा सारखेच दिसतात.

यानंतर व्हेंट. कानात हवा खेळावी म्हणून ठेवलेला हा बोगदा चाचणीच्या वेळी बंद असावा लागतो, नाहीतर आपण कितीही पुट्टी लावली तरी मंद्र सूर त्यातून निघून जातात. बाहेरच्या बाजूने पुट्टीचा अगदी लहान गोळा त्यावर बसवावा. सीआयसीच्या चेहऱ्यावर व्हेंट, मायक्रोफोनचे छिद्र, सेलचे दार आणि ओढायची दोरी हे सगळे नखाएवढ्या जागेत असते, म्हणून गोळा चिमट्याने ठेवावा आणि भिंगातून पाहून मायक्रोफोनचे छिद्र मोकळे असल्याची खात्री करावी. दोरीदेखील छिद्रावर आडवी येऊ देऊ नये.

जागेच्या बाबतीत नियम एकच: यंत्राचा मायक्रोफोन बॉक्सच्या संदर्भबिंदूवर (जिथे चाचणीचा आवाज नेमका ठरलेल्या पातळीचा असतो त्या जागी) यावा, कपलर कुठेही जावो. नवशिके तंत्रज्ञ कपलर मध्यभागी ठेवतात, कारण तो जड आणि ठळक असतो. तो मधोमध असला तरी यंत्राचा मायक्रोफोन चार सेंटिमीटर बाजूला असू शकतो आणि आपल्याला दिसलेल्या खाचा बहुधा तिथूनच येतात. ज्या बॉक्समध्ये वेगळा संदर्भ मायक्रोफोन आहे, त्यात तो यंत्राच्या छिद्राच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर आणावा, पण टेकवू नये. तोंड स्पीकरकडे किती वळवायचे ते आपल्या बॉक्सच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे आणि नंतर प्रत्येक यंत्राला तेच पाळावे. लेव्हलिंग (संदर्भबिंदूवरचा आवाज चाचणीआधी नेमून घेणे) करताना कपलर आणि मापक मायक्रोफोन बॉक्समध्ये जिथे होते, तिथेच ते प्रत्यक्ष चाचणीच्या वेळीही असावेत, यासाठी मी टेबलाजवळ एक छायाचित्र लावून ठेवते आणि आपल्यालाही तेच सुचवेन. शेवटचा ताळा असा घ्यावा: एक आलेख काढावा, पुट्टी बोटाने पुन्हा सर्व बाजूंनी दाबावी आणि दुसरा आलेख पहिल्यावरच काढावा. डावी बाजू उचलली गेली, तर पहिली जोडणी गळत होती.

प्रश्न : माझे यंत्र आरआयसी आहे, बारीक तार आणि छिद्रे असलेल्या रबरी टोपीचे. छापील आलेखात जाड, घुमणारे आवाज भरपूर दिसतात, पण मला प्रत्यक्षात तसे काहीच वाढून ऐकू येत नाही. आलेख खोटा आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आलेख खरा आहे, पण तो बंद पोकळीतला आहे. आरआयसी यंत्रात रिसीव्हर तारेच्या टोकाला असतो. चाचणीसाठी टोपी काढून ते टोक पुट्टीने एचए-१ कपलरच्या तोंडाशी सपाट बसवतात किंवा खास अडॅप्टर वापरतात आणि यंत्राचा कानामागचा भाग, ज्यात मायक्रोफोन असतो, तो संदर्भबिंदूवर ठेवतात. बारीक नळीच्या उघड्या यंत्रांनाही असेच करावे लागते. पोकळी पूर्ण बंद असल्याने मंद्र सूर तिथेच कोंडून राहतात आणि आलेखात उंच दिसतात. आपल्या कानात टोपीच्या छिद्रांतून ते बाहेर जातात आणि तसे ते जावेत म्हणूनच ही टोपी दिलेली असते, कारण ज्यांचे खालचे सूर शाबूत आहेत त्यांना स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटू नये.

म्हणून अशा यंत्रासाठी टेस्ट बॉक्सला एवढेच विचारावे, की यंत्र नवे असताना जसे होते तसेच ते आजही आहे का. आपल्या कानात ते काय देते, हे कानाच्या नळीत बारीक मापक नळी सोडून, यंत्र कानात असतानाच करतात त्या चाचणीतून कळते. आपल्या श्रवणतज्ज्ञांकडे तिची मागणी अवश्य करावी. लहान मुलांच्या बाबतीत तर मी ती मागणी आग्रहाने करेन. पोकळी निम्मी झाली की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि बाळाच्या कानाची नळी मोठ्या माणसाच्या मानाने फारच लहान असते, म्हणजे कपलरमध्ये बेताचा दिसणारा आवाज बाळाच्या कानात बराच जास्त होतो.

प्रश्न : आमच्या शाळेत काही मुलांकडे अजून खिशात ठेवायची जुनी यंत्रे आहेत. ती या बॉक्समध्ये तपासता येतात का? (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : येतात, आणि त्यांची जोडणी सगळ्यांत सोपी आहे. कानात बसणारे बटण मोल्डवर जसे खटकन बसते तसेच ते एचए-२ कपलरवर नळीशिवाय बसते. यंत्राची पेटी मायक्रोफोनच्या बाजूने संदर्भबिंदूवर ठेवावी आणि वायर लांब करून बटण व कपलर तिच्यापासून शक्य तितके दूर ठेवावे. चाचणी चालू असताना वायर दोन्ही टोकांशी हलवून पाहावी. आलेख तुटला किंवा खरखर आली तर यंत्र नव्हे, वायर बदलायची आहे. मुलांच्या यंत्रांत हा दोष फार आढळतो आणि तो कमी खर्चात दूर होतो. यंत्राचा खटका टेलिफोनच्या ‘टी’ खुणेवर राहिला असेल तर यंत्र बंद असल्यासारखे वाटते. तो ‘एम’वर, म्हणजे मायक्रोफोनवर, आणावा.

प्रश्न : नव्या डिजिटल यंत्राचा आलेख काढताना आवाज काही सेकंदांत आपोआप उतरतो, कधी थरथरतो. यंत्रात दोष आहे असे समजावे का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : यंत्र त्याला शिकवलेले काम करत आहे. चाचणीत दिलेला शुद्ध, एकसारखा सूर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट वाटतो, म्हणून गोंगाट कमी करणारी सोय तो दाबते. शिट्टी रोखणारी सोय त्याच सुराला शिट्टी समजून त्याच्यामागे लागते आणि थरथर येते. उंच सूर खाली आणून ऐकवणारी सोय चालू असेल तर विकृतीचे प्रमाण विनाकारण वाढलेले दिसते. त्यामुळे कंपनीच्या मानकाशी तुलना करताना या सगळ्या सोयी बंद कराव्यात, दिशादर्शी मायक्रोफोन सर्व दिशांनी ऐकणाऱ्या स्थितीत आणावा आणि कॉम्प्रेशन (मोठे आवाज आपोआप आवरणारी सोय) शक्य तितके कमी करावे. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी चाचणीची तयार स्थिती असते. तिच्यात जाण्यापूर्वी रुग्णाची मांडणी जतन करावी आणि काम झाल्यावर ती परत भरल्याचे पडद्यावर पाहूनच यंत्र हाती द्यावे. चाचणीच्या स्थितीत राहिलेले यंत्र घेऊन एखादी आजी गावी परतली, तर तिला ते कर्कश वाटेल आणि ती ते डब्यात ठेवून देईल.

रुग्णाच्या मांडणीत यंत्र कसे वागते हे पाहण्यासाठी सोयी चालू ठेवून बोलण्यासारखा सिग्नल द्यावा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय भाषण चाचणी सिग्नल उपलब्ध आहे. तो सहा भाषांतल्या स्त्रियांच्या बोलण्याचे बारीक तुकडे जोडून केलेला आहे. बोलण्याचा चढउतार त्यात आहे, पण अर्थ कोणत्याच भाषेत लागत नाही. त्यात मराठी नाही, म्हणून काही विद्यार्थी साशंक असतात. यंत्र मोजण्यापुरती ती अडचण येत नाही, कारण सुरांच्या पट्ट्यांतली बोलण्याची सरासरी वाटणी निरनिराळ्या भाषांत बरीच सारखी असते.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, कूलरशिवाय बसवत नाही आणि वीज तर जातेच. या दिवसांत केलेल्या तपासण्या ग्राह्य धराव्यात का? (एक केंद्रचालक, हिंगोली)

उत्तर : मानकांनी चाचणीच्या खोलीचे तापमान २३ अंशांच्या मागेपुढे ५ अंश असे धरले आहे, म्हणजे २८ अंशांपर्यंत. मे महिन्यात हे दुपारी साधणे कठीण आहे, म्हणून तपासण्यांची वेळ सकाळी लवकरची ठेवावी. कूलरचा प्रश्न त्याहून मोठा आहे. बॉक्सचे झाकण बाहेरचा आवाज कमी करते, पूर्ण अडवत नाही, आणि मंद घरघर तर सहज आत येते. ९० डेसिबलच्या चाचणीला तिचा त्रास होत नाही. ५० डेसिबलचा सूर देताना आणि यंत्राचा स्वतःचा अंतर्गत गोंगाट मोजताना मात्र कूलर आणि पंखा दोन्ही बंदच हवेत. उन्हात पुट्टी मऊ पडून यंत्राला चिकटून राहते आणि छिद्रांत शिरते. ती झाकणाच्या डबीत, सावलीत ठेवावी आणि मळकट झाली की टाकून द्यावी.

सेलबद्दल थोडे अधिक. झिंक-एअर सेल हवा घेऊन चालतो, त्यामुळे स्टिकर काढल्यावर निदान एक मिनिट थांबूनच तो यंत्रात बसवावा. कोरड्या, तापलेल्या हवेत उघडलेला सेल वापर नसतानाही सुकत जातो, म्हणून कालचा उघडा सेल आजच्या चाचणीला घेऊ नये. सेलऐवजी बॉक्सची बॅटरी पिल (सेलच्या आकाराची, बॉक्सकडून वीज पुरवणारी चकती) वापरत असाल तर तिचा क्रमांक यंत्राच्या सेलचाच असावा (१०, ३१२, १३ किंवा ६७५) आणि बॉक्समध्येही झिंक-एअर हाच प्रकार निवडलेला असावा. पिलची पट्टी बाहेर काढून दार अलगद लावावे. ते उघडे राहिले तर बऱ्याच यंत्रांचा वीजपुरवठाच तुटतो, जोराने दाबले तर बिजागरी मोडते. सेल बाहेर काढता येत नाही अशा चार्जिंगच्या यंत्रांत पिल बसत नाही. ती पूर्ण चार्ज करून, चार्जरमधून काढून, चालू झाल्याची खात्री करून तपासावीत आणि वीजवापराचा रकाना कोरा सोडावा.

इन्व्हर्टरवर असताना ‘टी’ स्थितीची चाचणी करू नये, कारण यंत्रातली टेलिकॉइल (टेलिफोनचे चुंबकीय संकेत पकडणारी तारेची गुंडाळी) त्याची गुणगुण पकडते. इतर चाचण्या चालतील, परंतु वीज जाऊन बॉक्स बंद पडला असेल तर तो पुन्हा सुरू झाल्यावर लेव्हलिंग नव्याने करावे आणि मगच अर्धवट राहिलेले यंत्र पहिल्या चाचणीपासून तपासावे.